रेगेंच्या खुर्चीचे वार

बसा, बसा मंडळी! पुढं सरका. रुमाल टाकून जागा धरायला ही काही एसटी नाही, मारुतीचं देऊळ आहे! पेटीवाल्या भाऊंचं पाणी पिऊन झालं का? झालं. तबला लागला का? लागला म्हणतात. मग समोरच्या त्या शेंदूर फासलेल्या आपल्या मालकाला मनातल्या मनात एकदा सांगा — बाबा रे, आता तासभर आमचं मन इकडून तिकडं उड्या मारायला लागलं, तर तूच त्याची शेपटी धरून त्याला खाली बसव!

हं. आता ऐका. मघाशी पूर्वरंगात आपण देवाचा पत्ता शोधला. आता मला माणसाचा पत्ता शोधायचा आहे. प्रश्न साधा आहे, पण त्यानं भल्याभल्यांची झोप उडवली आहे. माणसानं राहावं कुठं? जिथं आपल्याला कुणीच ओळखत नाही तिथं — की जिथं सगळेच ओळखतात तिथं?

हसू नका! तुमच्यातल्या निम्म्या घरांत दर रविवारी यावरूनच भांडण होतं, मला माहीत आहे. आणि मला कसं माहीत? अहो, शेलवणीत राहतो मी! इथं भांड्याला भांडं तुमच्याकडं लागतं आणि आवाज माझ्याकडं येतो.

घराला किती मजले, पुसू नये कुणी ।
उंबऱ्याशी किती चपला, तेच घ्या मोजुनी ॥

हे कुठल्या संताचं नाही हो, माझंच आहे. मात्रा चुकली असेल तर मारुतीला दोष देऊ नका.

तर आपलं शेलवणी! मुंबईच्या पुढं, ठाण्याच्या पुढं, कल्याणच्याही पुढं. मुंबईचा पाहुणा फोनवर काय विचारतो? ‘अजून तिकडंच राहता का?’ तिकडंच म्हणजे काय रे बाबा? आम्ही काय काळ्या पाण्यावर आहोत? बरं, आपल्यातही उणं नाही असं नाही. नळाला पाणी दिवसाआड. चांगलं नाटक बघायचं तर डबा बांधून घ्या आणि कल्याण गाठा. फाटक एकदा पडलं की त्या वेळात माणूस अख्खी रामरक्षा म्हणून मोकळा होतो. आणि सगळ्यात मोठं उणं म्हणजे, तुम्ही पहिल्या गल्लीत शिंकलात तर चौथ्या गल्लीतून विचारणा होते, ‘काढा घेतला का?’

आहे ना? आहे! मान्य करा. देवळात बसलोय.

आता या गोष्टीतली माणसं सांगतो. नावं मी बदललेली आहेत. तुम्ही ओळखणारच — पण ओळखलंत तरी शेजारणीला कोपरानं ढोसू नका! दिगंबर रेगे. टेलिफोनवाले रेगे. ज्या काळात फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची, त्या काळात खांबांवर चढून अर्ध्या गावाला ‘हॅलो’ म्हणायला शिकवलं ते हे गृहस्थ. त्यांची पत्नी हेमलताबाई, माहेर पार्ल्याचं. आणि एकुलती एक मुलगी मैथिली. इथल्याच शाळेत शिकली, आता ठाण्याला नोकरी. नाकीडोळी नीटस, जिभेला मात्र धार!

पाच-सहा वर्षांपूर्वी मैथिलीचा साखरपुडा झाला. घरात आनंदीआनंद! आणि दोन महिन्यांनी एका सकाळी रेगे दाढी करता करता आरशासमोर खाली कोसळले. लकवा. डावं अंग गेलं. मंडळी, त्या वेळी आपल्या गावात मोठं हॉस्पिटल होतं का? नव्हतं. रुग्णवाहिका आली का? येता येता फाटकाशी अडकली. शेवटी आपला सदाशिव भोईर — विटांचा टेम्पो चालवतो तो — त्यानं भरलेला टेम्पो भर रस्त्यात रिकामा केला, आत गादी टाकली, आणि निघाला. पोचायला सव्वा तास लागला! डॉक्टर म्हणाले, ‘जीव वाचला. तासभर आधी आणलं असतं तर हातही वाचला असता.’

हे मला गाळता आलं असतं. मी गावाचं कौतुक सांगायला उभा आहे ना? पण या मालकासमोर उभं राहून खोटं कौतुक करायची माझी छाती नाही. आपल्या गावानं, आपल्या गावाच्या लांबपणानं, त्या माणसाचा डावा हात घेतला. हे खरं आहे आणि ते लक्षात ठेवून पुढचं ऐका.

रेगे घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. लग्न महिन्यावर आलेलं. मुलाकडची मंडळी चहाला आली आणि मुलाची आई गोड आवाजात म्हणते कशी, ‘एक सुचवू का? लग्नाच्या हॉलवर यांना नका आणू. खुर्ची वगैरे… फोटोत बरं दिसत नाही.’

मुलगा काय म्हणाला? काहीच नाही! बिस्किट चहात बुडवत बसला होता.

मैथिलीनं बोटातली अंगठी काढली. बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली. म्हणाली, ‘मग मीही नाही येत फोटोत.’

मोडला साखरपुडा! आता सांगा, गावानं काय म्हणायला हवं होतं? शाब्बास पोरी! म्हणालं का? नाही हो. गाव म्हणालं, ‘मुलगीच फटकळ.’ गाव म्हणालं, ‘काहीतरी असणार, उगाच मोडतं का कुठं?’ शेवंताबाईंच्या पिठाच्या गिरणीत सहा महिने गव्हापेक्षा मैथिलीचंच दळण जास्त चाललं होतं. खाली बघू नका! तुम्हीही होतात. मीही होतो. गिरणीत नंबर लांब होता, मीही दोन वाक्यं टाकली होती. लाज वाटते आज.

आणि हेमलताबाई? त्यांनी गिरणीत जाणं सोडलं. पिठाच्या पिशव्या विकत आणायला लागल्या. खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मनाशी पक्कं केलं — या गावात राहून माझ्या पोरीचं लग्न व्हायचं नाही.

पण त्याच पडद्याच्या अलीकडं काय चाललं होतं, ते ऐका. रेगे दिवसभर घरात बसून. एका शनिवारी सदाशिव भोईर आला, म्हणाला, ‘काका, चला, मारुतीला जाऊन येऊ.’ आणि खुर्ची ढकलत इथं, या देवळात, तळ्याकाठी घेऊन आला. पुढल्या मंगळवारी वाचनालयाचे ओकबुवा आले. बुधवारी शेवंताबाईंचा नवरा. असं करत करत वार लागले! जुन्या माणसांना आठवेल, पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी जोश्यांकडं, मंगळवारी कुलकर्ण्यांकडं. तसे आपल्या शेलवणीत एका माणसाच्या खुर्चीचे वार लागले! कुणी ठराव केला नाही, कुणी फलक लावला नाही. जी तोंडं गिरणीत चुरूचुरू बोलत होती ना, त्यांचेच हात संध्याकाळी ती खुर्ची ढकलत होते. काय म्हणाल अशा गावाला? शिव्या द्याल की ओवाळाल?

हेमलताबाईंना मात्र तोंडं ऐकू यायची, हात दिसत नव्हते. माणूस दुखावला की असंच होतं.

आता पुढं. मैथिलीला एक स्थळ आलं. सौमित्र कोटणीस. इंजिनीअर मुलगा, मुंबईत एकतिसाव्या मजल्यावर घर. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात बाप-लेक दोघंच. एकतिसावा मजला! हेमलताबाईंना वाटलं, देवानं शिडीच लावली. पण धास्ती एकच — ही मंडळी चौकशीला शेलवणीत आली तर? हॉटेलवाला सांगेल, गिरणीवाली सांगेल, साखरपुडा मोडलेला बाहेर येईल! मग बाईंनी काय करावं? पत्ता दिला बहिणीचा! पार्ल्याच्या नलूमावशीचा. ‘आम्ही पार्ल्याला राहतो!’

आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रमही पार्ल्याला. पोहे नलूमावशीचे, कप नलूमावशीचे, भिंतीवरचं घड्याळ नलूमावशीचं. फक्त मुलगी आपली! रेगे घरी. मुलाच्या वडलांनी, कोटणीससाहेबांनी विचारलं, ‘मैथिलीचे वडील दिसत नाहीत?’

हेमलताबाई म्हणाल्या, ‘ते बाहेरगावी गेलेत. कामानिमित्त.’

मैथिलीनं तोंड उघडलं — आणि टेबलाखालून आईचा पाय तिच्या पायावर पडला. दाबून धरला.

थांबा भाऊ, पेटी थांबवा जरा. लक्षात आलं का काय झालं ते? ज्या गोष्टीसाठी लेकीनं अंगठी काढून ठेवली, तीच गोष्ट तिच्या आईनं स्वतःच्या हातानं केली. नवऱ्याला फोटोतून वगळलं! वाईट बाई होती का? छे हो! चार वर्षं त्याच नवऱ्याला आंघोळ घालणारी बाई होती. पण भ्याली होती. आणि भ्यालेला माणूस आधी कुणाला लपवतो? सगळ्यात जवळच्याला.

मायलेकी घरी आल्या. रेग्यांची जीभ अजून जड. एकेक शब्द ओढून काढावा लागतो. त्यांनी विचारलं, ‘काय… काय म्हणाले… माझ्याबद्दल?’

काय सांगणार पोरगी? ‘भेटायचंय म्हणाले, बाबा,’ एवढं बोलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तिनं सौमित्रला फोन लावला. आईला सांगितलं नाही, मावशीला नाही, कुणालाच नाही.

‘मी मैथिली रेगे. तुम्ही पाहिलेलं घर माझं नाही. मी शेलवणीला राहते. माझे बाबा बाहेरगावी गेलेले नाहीत, खुर्चीत आहेत. माझा एक साखरपुडा मोडलाय, मीच मोडलाय. तुम्हाला चौकशी करायची असेल ना, तर इथं येऊन करा. आणि जे माझ्याबद्दल वाईट बोलतात त्यांना आधी विचारा.’

‘असं का?’ सौमित्रनं विचारलं.

‘कारण ते काही गाळत नाहीत.’

काय मुलगी आहे! मारुतीराया, प्रत्येक गावात अशी एक तरी दे.

पण गंमत बघा. त्याच दिवशी कोटणीससाहेब आपल्या परीनं चौकशीला निघाले होते! कुठं? पार्ल्याला! नलूमावशीच्या इमारतीत. खालच्या पाटीवर रेगे नाव नाही. वॉचमनला माहीत नाही. वर जाऊन समोरच्या दाराची घंटा वाजवली. दार उघडलं — पूर्ण नव्हे, साखळीएवढं! ‘इथं समोर कोण राहतं हो?’ तर आतून उत्तर आलं, ‘एक बाई असतात वाटतं. नक्की नाही सांगता येणार.’ बारा वर्षं शेजारी, बरं का! नक्की नाही सांगता येणार!

कोटणीससाहेब घरी आले ते धुमसतच. ‘फसवणूक! सरळ सरळ फसवणूक! असल्या घरात संबंध नाही करायचा!’

सौमित्र म्हणाला, ‘बाबा, बसा. तिचा फोन आला होता.’ आणि सगळं सांगितलं.

साहेब खुर्चीत बसले. मुळात माणूस न्यायी. म्हणाले, ‘बोलावलंय ना चौकशीला? जातो. एकटाच जातो. बघू काय ऐकू येतं.’

आणि ते आले! शनिवारचा दिवस, सकाळचे दहा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. स्टेशनबाहेर रिक्षावाला हनीफ उभा.

‘रेगे कुठं राहतात?’

‘टेलिफोनवाले? बसा.’ दोन मिनिटं गेली. आरशातून बघत हनीफ म्हणाला, ‘मैथिलीताईच्या लग्नाचं बघायला आलात का?’

‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘साहेब, शनिवारी सकाळी, नवा शर्ट, पाऊस नाही तरी छत्री, आणि घरी जायची घाई नाही. म्हणजे चौकशीच!’

कोटणीससाहेबांना हसू आलं. म्हणाले, ‘बरं, मग सांगा. कशी आहे मुलगी?’

‘फटकळ आहे. माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. पावसात एका म्हातारीला सोडून मी लांबचं भाडं घेतलं म्हणून.’ हनीफनं भोंगा वाजवला. ‘चूक माझीच होती, साहेब. आता पाऊस आला की आधी म्हातारी माणसं. स्टँडवर सगळ्यांनीच तसं ठरवलंय.’

पुढं गिरणीपाशी साहेब उतरले. शेवंताबाई पिठानं पांढऱ्याफटक. मैथिलीचं नाव काढायची खोटी, जातं सुरू झालं! साखरपुडा सांगितला, अंगठी सांगितली, बिस्किटांची बशीसुद्धा सांगितली! कोटणीससाहेब ऐकतच राहिले. शेवटी शेवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ‘दादा, खरं सांगू? तवा सगळ्यात जास्त मीच बोलले. पोरगीचं वाटोळं झालं, असं बोलले. तिची आई माझ्या गिरणीत यायची बंद झाली. पण पोरगीनं केलं ते सोळा आणे बरोबर केलं. आपल्या बापासाठी एवढं कोण करतंय? तुमी काय ते ठरवा, पण मी बोलले होते हे तिला सांगू नका.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘तसं तिला ठावं हाय म्हणा.’

मंडळी, हे उणं की अधिक? सांगा! ज्या गावात तुमची बदनामी पसरते, त्याच गावात ती पुसायलाही माणसं असतात. पार्ल्याला बदनामी नव्हती, बरोबर. पण साक्षसुद्धा नव्हती!

ऊन वाढलं म्हणून कोटणीससाहेब इथं आले. या इथं, देवळात. आणि समोर तळ्याच्या पायरीशी, पिंपळाच्या सावलीत, चाकाच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. शेजारी सदाशिव भोईर. शनिवार ना — त्याचा वार, आणि मारुतीचा म्हणून सकाळचा! तेवढ्यात सदाशिवाचा फोन वाजला. दुसऱ्याच्या हाती दिलेला त्याचा टेम्पो फाटकात बंद पडलेला. त्यानं आजूबाजूला बघितलं. देवळात दुसरं कुणी नाही, हे छत्रीवाले तेवढे. म्हणाला, ‘काका, जरा यांना घरी सोराल का? आज माझा वार हाय, पन गारी अडकलीय.’

कोटणीससाहेब गडबडले. ‘मी? अहो, मी इथला नाही. मला रस्ता माहीत नाही.’

‘रस्ता त्यांना ठावं हाय. तुमी फकस्त ढकला!’ आणि गेला की!

बघा, परक्या माणसाच्या हातात आपला माणूस देऊन गेला. चपला सांभाळायला सांगावं तसं! वेडा म्हणाल की मोठा म्हणाल?

निघाली खुर्ची. साहेबांनी जन्मात कधी खुर्ची ढकलली नव्हती. पहिल्या खड्ड्यात चाक अडकलं, केळेवाल्यानं येऊन उचलून दिलं. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवतंय. ‘रेगेकाका, आज नवीन ड्रायव्हर वाटतं!’ ‘काका, गोळ्या घेतल्या का?’ साहेबांच्या लक्षात आलं — हे रेगे! म्हणजे बाहेरगावी गेलेले ते हेच! आता आपण कोण ते यांना सांगायचं कसं?

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. ‘तुम्ही… कोटणीस… ना?’

‘अहो, तुम्हाला कसं कळलं?’

‘हनीफनं… मघाशीच… फोन केला.’

गावात शिरून तास झाला नव्हता! असं आपलं गाव.

घर आलं. घंटा वाजली. हेमलताबाईंनी दार उघडलं. आणि दारात काय? ज्या नवऱ्याला बाहेरगावी पाठवला होता तो खुर्चीत, आणि ज्याच्यापासून लपवला होता तो व्याही खुर्ची ढकलतोय!

बाई मटकन खाली बसल्या. उंबऱ्यावरच. ‘माझी चूक झाली हो. मैथिलीला काही बोलू नका. तिनं काही केलं नाही. मीच… मलाच या गावाची लाज वाटली. मला यांचीही…’

रेग्यांनी आपला चालता, उजवा हात पुढं केला आणि बायकोच्या डोक्यावर ठेवला. ‘कळलं होतं… मला. त्याच दिवशी… कळलं होतं. असू दे.’ मग कोटणीसांकडं बघून म्हणाले, ‘चौकशी… झाली?’

‘झाली,’ साहेब म्हणाले. ‘फटकळ आहे म्हणाले. भांडते म्हणाले. साखरपुडा मोडला म्हणाले, आणि का मोडला तेही म्हणाले. रेगेसाहेब, मला सून म्हणून हीच मुलगी हवी.’

रेगे हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. ‘आता… आमची पाळी. तुमच्या मुलाची… चौकशी… कुणाकडं करू?’

साहेब म्हणाले, ‘त्याच्या ऑफिसात…’ मग स्वतःच म्हणाले, ‘नाही, ते कामाचं सांगतील. माणसाचं नाही.’

‘शेजारी?’

साहेबांनी छत्री भिंतीला टेकवली. ‘अकरा वर्षं राहतोय तिथं. समोरच्या दारावर पाटी आहे. नाव… मी कधी वाचलं नाही हो.’ ते पुढं म्हणाले, ‘सौमित्रची आई आजारी पडली. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. डॉक्टर लगेच, औषधं लगेच. तुम्हाला मिळालं नाही ते सगळं तिला मिळालं. तरी गेली. तिचे अंत्यसंस्कार उरकून आम्ही घरी आलो आणि खाली लिफ्टजवळ ते समोरचे गृहस्थ भेटले. मला म्हणाले, “गुड मॉर्निंग!” त्यांना माहीतच नव्हतं. त्यांची काय चूक? मी कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या मुलाची चौकशी तुम्ही तिथं करू शकणार नाही, रेगेसाहेब. आम्हाला तिथं कुणी ओळखत नाही.’

आणि मंडळी, उंबऱ्यावर बसलेली ती बाई — जिनं चार वर्षं पडदा ओढून ठेवला होता, जी त्या एकतिसाव्या मजल्याकडं मान वर करून बघत होती — ती उठली. डोळे पुसले. आणि म्हणाली, ‘मग त्याला इकडं पाठवा. राहू दे चार-सहा महिने. आम्ही करू चौकशी.’

‘इकडं? म्हणजे कुठं?’

‘शेलवणीत!’ हेमलताबाई म्हणाल्या. ‘माझ्या गावात.’

अहाहा! वाजवा रे टाळ! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं गावाचं नाव ताठ मानेनं घेतलं. ‘माझ्या गावात!’ मंडळी, माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आला मुलगा! खरंच आला. शेवंताबाईंच्या गिरणीवरची खोली घेतली. पहिल्या आठवड्यात पाण्याचा दिवस विसरला, तोंडाला साबण लावून शेजारच्या दारात उभा! दुसऱ्या महिन्यात पिंप भरायला शिकला. तिसऱ्या महिन्यात समोरच्या आजारी आजींचंही पिंप भरायला लागला. आणि खुर्चीचा मंगळवार रिकामा होता. ओकबुवांचे गुडघे गेल्यामुळं पडलेला. तो वार त्यानं घेतला. मंगळवारी घरून काम करायचं आणि संध्याकाळी खुर्ची.

दिवाळीच्या आधी मैथिली निघाली चौकशीला. स्वतः! बापाला खुर्चीत घेऊन, दारोदार. हनीफ म्हणाला, ‘मुलगा सरळ आहे, पण रस्ता ओलांडताना फोन बघतो, त्याला समज दे.’ शेवंताबाई म्हणाल्या, ‘कांदा चिरता येत नाही, रडतो. पन बोललेलं पाळतो.’ सदाशिव म्हणाला, ‘ढकलायला शिकलाय. आमच्यातला झाला.’

तरी पोरगी ‘हो’ म्हणेना! घरी आली, बापासमोर बसली. ‘बाबा, सगळ्यांना विचारलं. आता तुम्ही सांगा.’

रेग्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. ‘तळ्याच्या… उतारावर… सगळे… भरभर नेतात. तो… हळू करतो. पुढं येऊन… विचारतो… भीती वाटते का?’

बस्स! पोरीनं दुसऱ्या दिवशी होकार कळवला. लग्न कुठं झालं? इथं, शेलवणीत! पत्रिकेचा मसुदा हेमलताबाईंनी स्वतः लिहिला, आणि छापखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘गावाचं नाव मोठ्या अक्षरात घ्या. वाचता आलं पाहिजे!’ आणि तिथून निघाल्या त्या थेट कुठं गेल्या? गिरणीत! चार किलो गहू घेऊन. नंबराला उभ्या राहिल्या. शेवंताबाईंनी त्यांचा डबा पुढं घेतला.

आता कोटणीससाहेब. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, साहेब आपल्या एकतिसाव्या मजल्यावर परतले. सौमित्र-मैथिली आठवड्यानं यायची होती, घर रिकामं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, आंघोळ केली, लग्नातले दोन लाडू बशीत घेतले, आणि समोरच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. पाटी वाचली. श्रीनिवास अय्यर. घंटा वाजवली. दार उघडलं. साहेब म्हणाले, ‘मी कोटणीस. समोर राहतो. अडीच-तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आणि काल मुलाचं लग्न झालं.’

अय्यरसाहेबांनी दार सताड उघडलं. मग म्हणाले, ‘आत या.’

संपलं आख्यान. टाळ्या वाजवू नका! कारण मी बघतोय, तुमची छाती फुगली आहे. आमचं शेलवणी! आमच्या खुर्चीचे वार! फुगू दे, माझीही फुगली आहे. पण जरा बाहेर बघा. तळ्यापलीकडं ते काय उभं आहे? बावीस मजले! एक नाही, सहा! आपल्याच शेलवणीत! तुमच्यातले निम्मे तिथं राहायला गेलात. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, मोठं हॉस्पिटलही आता आलं. छान झालं, रेग्यांचा हात गेला तसा आता कुणाचा जायला नको. पण मला सांगा, हात वर करा — समोरच्या दारात कोण राहतं, त्याचं नाव कुणाकुणाला माहीत आहे?

करा की हात वर!

हे असं आहे. गावं स्टेशनच्या पाटीवर नसतात, बाबांनो, माणसांच्या तोंडी असतात. बावीस मजल्यांत जाऊन तुम्ही गाव खालीच विसरलात, तर उद्या तुमच्या लेकीची चौकशी करायला कुणी आलं, तर समोरच्या दारातून काय ऐकू येईल? ‘एक बाई असतात वाटतं!’

म्हणून आज प्रसादाचे द्रोण दोन दोन घ्यायचे. एक घरात. दुसरा हातात धरून समोरची घंटा वाजवायची आणि नाव सांगायचं. आणि माझ्याकडं बघून हसू नका. मीही पाच महिन्यांपूर्वी त्या तिसऱ्या इमारतीत गेलोय, बाराव्या मजल्यावर. गावभर कीर्तनं करत फिरतो, पण समोरच्या दाराला पोपटी रंग आहे, यापलीकडं मला काहीएक माहीत नाही. आरती झाली की पहिले दोन द्रोण इकडं द्या. मला लवकर निघायचं आहे.